वर्षाला ३ लाखांच्या पहिल्या नोकरीत मुंबईत भागेल का?

तुमचा प्रश्न असा आहे : लातूर जिल्ह्यातील गावातून बी.कॉम. झाल्यावर अंधेरीतील चकाला येथे एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात वर्षाला ३ लाख रुपयांची, म्हणजे महिना २५ हजारांची नोकरी मिळते आहे. राहण्यासाठी डोंबिवलीला खोली पाहावी की अंधेरीजवळच राहावे, आणि दरमहा ५ हजार रुपये घरी पाठवता येतील का. मी बरीच वर्षे कंपन्यांची पगारपत्रके तयार करण्याचे काम करतो आणि नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींच्या पहिल्या वर्षाच्या अडचणी माझ्यापर्यंत येत असतात, त्या अनुभवावरून उत्तर देतो. एकट्याचे भागेल, परंतु पहिले सहा महिने ५ हजार घरी पाठवता येणार नाहीत. आणि महिन्याच्या खर्चापेक्षाही मोठी अडचण पहिल्या पगारापर्यंत लागणाऱ्या रोख पैशांची असेल, ज्याचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही.

सर्वप्रथम २५ हजारांचा आकडा बाजूला ठेवा, कारण तो पगार नसून कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च आहे, ज्याला सीटीसी म्हणतात. मूळ पगार त्याच्या निम्मा, म्हणजे १२,५०० रुपये धरू. भविष्य निर्वाह निधीत कंपनीने भरायचा १२ टक्के हिस्सा १,५०० रुपये होतो आणि तो बहुतेक ठिकाणी याच २५ हजारांत मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना सेवेबद्दल मिळणाऱ्या एकरकमी पैशांची, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के दराने होणारी ६०१ रुपयांची तरतूदही त्यातच असते, जी कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षांच्या सेवेनंतरच हाती येते. शिवाय कामगिरीनुसार वर्षाअखेरीस द्यायची रक्कम असते. ती महिना १,५०० रुपये धरली, तर दरमहाचा ढोबळ पगार २१,३९९ रुपये उरतो. त्यातून तुमचा निर्वाह निधीचा हिस्सा १,५०० आणि व्यवसाय कर २०० रुपये वजा झाला की खात्यात १९,६९९ रुपये जमा होतात. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० रुपये कापला जातो. महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून हा कर माफ आहे, त्यामुळे याच पगारावर रुजू होणाऱ्या मुलीच्या हाती थोडे अधिक पडतील. निर्वाह निधीसाठी कंपनीने १५ हजारांचे वेतन धरले, तर तुमची कपात १,८०० रुपये होईल. आयकराची चिंता या उत्पन्नावर करण्याचे कारण नाही. पुढचे सगळे गणित १९,७०० रुपयांवर मांडतो, परंतु नेमणूकपत्राला होकार देण्यापूर्वी कंपनीकडून महिन्याच्या पगाराचा तपशील लेखी मागून घ्या, कारण ही विभागणी कंपनीगणिक बदलते आणि दोन कंपन्यांच्या ३ लाखांत हाती येणाऱ्या रकमेचा फरक महिना २ हजारांपर्यंत जाऊ शकतो.

आता पहिल्या पगाराविषयी. बहुतेक कंपन्या दर महिन्याचे पगारपत्रक २० ते २५ तारखेच्या सुमारास बंद करतात. त्या तारखेनंतर रुजू झालेल्या, किंवा बँक खाते, आधार आणि पॅन यांची जुळणी न झालेल्या नव्या माणसाचा पगार पुढच्या महिन्याच्या पगारात धरला जातो. म्हणजे १८ तारखेला रुजू झालात आणि कागदपत्रे आठवडाभर अडकली, तर पहिला पैसा हाती पडायला दीड महिनाही लागू शकतो. म्हणून शक्य असेल तर १ तारखेला रुजू होण्याची विनंती करा, आणि आधार, पॅन व पदवीच्या प्रमाणपत्रावरील नावे एकसारखी आहेत की नाहीत हे गावातच तपासून घ्या. आडनाव आधी की नंतर एवढ्याशा फरकावरून निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा खातेदाराचा क्रमांक, तयार होणे लांबलेले मी वारंवार पाहतो.

या काळात हाताशी किती पैसे हवेत, तेही मांडून पाहू. कॉटचे, म्हणजे सामायिक खोलीतील एका खाटेपुरत्या जागेचे, एक महिन्याचे आगाऊ भाडे ८ हजार, तेवढेच डिपॉझिट, जेवणाचे ५,५००, प्रवास व मोबाइलचे मिळून १,२०० आणि गादी, बादली, कार्यालयात घालण्याचे कपडे व बूट यांसाठी ४ हजार धरले, तर ते २६,७०० रुपये होतात. पगार एक महिना लांबला, तर आणखी १४,७०० लागतात. एकूण ४० ते ४२ हजार रुपये. ही रक्कम घरातून, नातेवाइकांकडून किंवा गावच्या पतसंस्थेतून, फेडीची मुदत स्पष्ट ठरवून, मुंबईची गाडी पकडण्यापूर्वी उभी करावी. पहिल्या वर्षात पैशांच्या ओढाताणीने नोकरी सोडून परत गेलेल्यांपैकी जी मुले मला आठवतात, त्यांतील बहुतेकांचे महिन्याचे गणित चुकलेले नव्हते. पहिल्या दीड महिन्यात त्यांनी अ‍ॅपवरून किंवा ओळखीच्या सावकाराकडून घेतलेले कर्ज पुढे वर्षभर त्यांचा पगार पोखरत राहिले.

राहण्याची जागा हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. चकाला, मरोळ, साकीनाका, जे. बी. नगर या पट्ट्यात तिघा-चौघांत मिळून असलेल्या खोलीतील एक कॉट साधारण ७ ते १० हजारांत मिळते; खोलीची अवस्था, पाण्याची वेळ आणि इमारत जुनी की नवी यावर दर ठरतो. डिपॉझिट बहुधा एका, फार तर दोन महिन्यांच्या भाड्याइतके असते आणि महिन्याभराची पूर्वसूचना देऊन जागा सोडता येते. डोंबिवलीला वन आरके (एक खोली व स्वयंपाकघर) दोघांनी मिळून घेतला, तर प्रत्येकी ४ हजारांच्या आसपास पडतो, स्वयंपाक करता येतो, आणि कामावर जाण्यासाठी डोंबिवलीहून मध्य रेल्वेने घाटकोपर व तिथून मेट्रो १ ने चकाला असा सरळ मार्ग २०१४ पासून उपलब्ध आहे. जवळ राहिल्यास भाडे, जेवण आणि प्रवास मिळून १४,३०० रुपये लागतील. डोंबिवलीत भाडे ४ हजार, घरच्या स्वयंपाकाचे ४ हजार, आणि लोकलचा दुसऱ्या वर्गाचा पास, मेट्रो व शेअर रिक्षा मिळून २,३०० असे १०,३०० रुपये. कागदावर डोंबिवली ४ हजारांनी स्वस्त आहे, आणि तुम्ही घरी पाठवू इच्छिता त्या रकमेच्या ती जवळ जाते, म्हणून तिचा मोह पडणे स्वाभाविक आहे.

तरीही पहिले सहा महिने जवळच कॉट घ्या, असे मी सांगेन. लोकलचा पास हा या महानगरातील सर्वांत स्वस्त प्रवास आहे, आणि त्यामुळेच अंतराची खरी किंमत लोकांच्या हिशेबात येत नाही. घरापासून कार्यालयापर्यंत एका बाजूला दीड ते पावणेदोन तास लागतील, म्हणजे दिवसाचे तीन ते साडेतीन तास. डोंबिवलीला सकाळी गाडीत शिरणे नवख्या माणसासाठी धोक्याचे असते. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या लोकलच्या दारातून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले, ते याच मार्गावर. लेखा विभागात महिनाअखेरीस आणि मार्चमध्ये रात्री उशीर होतोच. तुमची परीक्षाधीन मुदत चालू असेल, वरिष्ठ तुमच्या वेळेवर येण्याकडे पाहत असतील आणि पावसाळ्यात एखाद्या दिवशी गाड्या बंद पडतील, तेव्हा बिनपगारी धरलेला एक दिवसही ७०० रुपयांच्या आसपास पडतो. त्याहून महत्त्वाचे असे की बी.कॉम. झालेल्या माणसाचा पगार पहिल्या दीड-दोन वर्षांत वाढतो तो जीएसटीची विवरणपत्रे, टीडीएस, टॅली आणि एक्सेल यांत हात बसल्यामुळे, आणि तो बसण्यासाठी संध्याकाळचे दोन तास व थोडी शाबूत शक्ती लागते. ती लोकलमध्ये संपली, तर दोन वर्षांनीही तुम्ही याच पगाराच्या आसपास राहण्याचा धोका आहे.

दुसरे कारण डिपॉझिटचे. डोंबिवलीचा वन आरके म्हणजे एकरकमी डिपॉझिट, बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली, भांडी व गॅसची सोय, आणि अकरा महिन्यांचा करार, ज्यात अनेकदा ठरावीक महिन्यांपूर्वी जागा सोडल्यास भाडे कापण्याचे कलम असते. नोकरी टिकते का, कंपनी दुसऱ्या कार्यालयात पाठवते का, हे कळण्यापूर्वी एवढे पैसे अडकवू नयेत. सहा महिन्यांनी नोकरी कायम झाली, सोबत राहण्याजोगा भरवशाचा सहकारी मिळाला आणि घरी पैसे पाठवण्याची निकड तशीच असली, तर डोंबिवलीचा विचार जरूर करा. तोवर साकीनाक्यापलीकडे असल्फा, घाटकोपर पश्चिम हा मधला टप्पाही तुमच्या पाहण्यात येईल, जिथून मेट्रोने काही मिनिटांत पोहोचता येते.

मुंबईत नव्याने आलेल्या माणसाने एकट्याने घर केले, असे पूर्वीही फारसे घडत नव्हते. गिरणगावात कोकणातील गावांच्या मंडळांनी घेतलेल्या खोल्यांत गावकरी पाळीपाळीने झोपत, आणि गोव्यातून बोटीवर कामाला जाणाऱ्यांसाठी धोबी तलाव व माझगाव परिसरात त्या-त्या गावांचे ‘कूड’ होते, जिथे गावच्या माणसाला अल्प पैशांत पेटी ठेवण्यापुरती आणि पथारी पसरण्यापुरती जागा मिळे. मराठवाड्यातून येणाऱ्यांसाठी अशी जुनी व्यवस्था त्या प्रमाणात उभी राहिली नाही, त्यामुळे तुमच्या महाविद्यालयातून किंवा तालुक्यातून आधी आलेल्या मुलांचा शोध घेणे हे काम तुम्हालाच करावे लागेल. दलालाशिवाय मिळालेली कॉट सहसा अशाच ओळखीतून मिळते, आणि त्या खोलीत पाणी केव्हा येते व मालक डिपॉझिट परत देतो का, ही माहितीही तिथे आधी राहिलेल्याकडूनच कळते. मुलींसाठी केंद्र सरकारची ‘सखी निवास’ ही नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची योजना आहे. महानगरात ५० हजारांपर्यंत मासिक उत्पन्न असलेल्या महिलेला ती खुली असून भाडे तिच्या उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपलीकडे नेता येत नाही. जागा कमी असतात, म्हणून नोकरी पक्की होताच अर्ज करावा.

कॉट घेताना पैसे रोख देऊ नका, किंवा द्यावेच लागले तर पावती घ्या आणि डिपॉझिटची रक्कम, परत मिळण्याची मुदत व वीजबिलाची वाटणी एवढे तरी लिहून घ्या. पुढे स्वतंत्र खोली घ्याल तेव्हा भाडेकरार नोंदवूनच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी केलेली नसेल तर, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. महापालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क १ हजार रुपये आहे आणि लिव्ह अँड लायसन्स करारावरील मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्क्याच्या हिशेबाने लागते, त्यात डिपॉझिटवरील काल्पनिक व्याजही धरले जाते. हे काम ऑनलाइन होते. ‘नोटरी पुरेशी आहे’ असे सांगणाऱ्या दलालाचे ऐकू नका.

जेवणाबाबत थोडक्यात. कॉटच्या खोल्यांत स्वयंपाकाला बहुधा मनाई असते, म्हणून दोन वेळचा महिन्याचा डबा लावा किंवा खानावळ धरा. सकाळच्या नाश्त्यासह ५,५०० रुपयांत हे बसते. दुपारी बाहेरचे काही खाऊन आणि रात्री अ‍ॅपवरून मागवून याच रकमेत महिना निघत नाही, हे पहिल्याच महिन्यात लक्षात येईल. घरगुती खानावळी हा गिरणी कामगारांच्या काळापासून या शहराचा आधार आहे. त्या चालवणाऱ्या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे, सावकाराच्या पाशातून त्या सुटाव्यात, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. आजही मरोळ-चकाला भागातील गल्ल्यांतून डबा देणाऱ्या बायका मिळतात आणि त्यांचे अन्न हॉटेलपेक्षा स्वस्त व पोटाला बरे असते. कुटुंबाचे शिधापत्रक प्राधान्य गटातील असेल आणि पुढे स्वतः स्वयंपाक करू लागलात, तर तुमच्या वाट्याचे महिन्याचे ५ किलो धान्य मुंबईतील रेशन दुकानातूनही घेता येते.

आजारपणाची तरतूद मात्र आजच विचारून घ्यावी. दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्यांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. तुमच्या वेतनातून अवघे पाऊण टक्का कापले जातात, कंपनी ३.२५ टक्के भरते, आणि त्या बदल्यात तुमच्यावर व पात्र ठरल्यास तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांवरही उपचार होतात, शिवाय प्रमाणित आजारपणात वेतनाच्या ७० टक्के इतका लाभ वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकतो. वरच्या हिशेबात ढोबळ पगार २१,३९९ आला, म्हणजे ३९९ रुपयांसाठी माणूस या योजनेबाहेर राहू शकतो. म्हणून कंपनीला स्पष्ट विचारा की माझी मर्यादा कोणत्या रकमेवर मोजली आहे, आणि मी योजनेबाहेर असेन तर कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा किती रकमेचा आहे व त्यात आईवडील धरले आहेत का. माझे स्वतःचे मत असे की या पगारावर राज्य विम्याचे संरक्षण हाती थोडे अधिक पैसे येण्यापेक्षा मोलाचे आहे. किरकोळ दुखण्यासाठी महापालिकेचा ‘आपला दवाखाना’ आणि मोठ्यासाठी जुहूचे कूपर रुग्णालय तुमच्या भागाला जवळ आहे. खासगी दवाखान्यातील एका तापाचे बिल महिन्याची सगळी शिल्लक संपवते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते, ते पगाराच्या खात्यातून पहिल्याच महिन्यात सुरू करा.

एकत्र मांडले तर १९,७०० रुपयांतून भाडे ८ हजार, जेवण ५,५००, शेअर रिक्षा व बसचे ८००, मोबाइलचे ३५० आणि साबण, कपडे धुणे, केस कापणे, औषध, कधीतरी गावी जाण्याचे भाडे यांसाठी १,५०० वजा केले, की ३,५५० रुपये उरतात. त्यांतून घरी २ हजार पाठवा आणि १,५०० रुपये आवर्ती ठेवीत टाका, पगार जमा होण्याच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळते होतील अशा पद्धतीने. भिशीत पडू नका. ओळखीच्या माणसांतही ती बुडाली तर दाद मागण्याचा सोपा मार्ग राहत नाही. सणाला बोनस मिळाला किंवा वर्षाअखेरीची रक्कम आली, तर ती आधी गावाहून आणलेल्या पैशांच्या फेडीत जावी.

पगार खात्यात येऊ लागला की दोन-तीन महिन्यांत क्रेडिट कार्ड आणि झटपट कर्जाचे फोन सुरू होतील. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या वर, आणि दरमहा ‘किमान देय’ तेवढेच भरणाऱ्या माणसाची मुद्दल जवळजवळ हलत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्ज देणाऱ्याने वार्षिक एकूण दर दाखवणारे तथ्यपत्रक कर्जापूर्वी द्यायलाच हवे. ते न देणाऱ्या अ‍ॅपकडून एक रुपयाही घेऊ नका. ३,५५० रुपये शिल्लक असलेल्या माणसाने २ हजारांच्या हप्त्यावर फोन घेतला, तर त्याने घरी पाठवायचे पैसे त्या फोनला दिलेले असतात. खरोखर अडचण आली, तर कंपनीकडे पगाराची उचल मागा. अनेक ठिकाणी ती बिनव्याजी मिळते. कंपनीत कर्मचाऱ्यांची पतसंस्था असेल, तर तिचे सभासद व्हा.

वर्ष-दीड वर्षाने नोकरी बदलाल तेव्हा निर्वाह निधीचे पैसे काढून घेण्याचा सल्ला मित्र देतील. काढू नका, त्याच यूएएन क्रमांकावर नव्या कंपनीत वर्ग करा. सेवेची दहा वर्षे पूर्ण झाल्यावर निवृत्तिवेतनाचा हक्क याच सलग नोंदीतून तयार होतो, आणि नोकरीत असताना मृत्यू ओढवल्यास कुटुंबाला ७ लाखांपर्यंत मिळणारा विमाही याच खात्याशी जोडलेला आहे. नामनिर्देशन पहिल्या महिन्यातच भरा.

आणि घरी ५ हजार येतील, असे तुमच्या आईवडिलांना कुणी सांगितले असेल, तर निघण्यापूर्वी वरील हिशेब त्यांच्यासमोर मांडा. पहिले सहा महिने २ हजार, नोकरी कायम झाल्यावर ३ हजार, आणि ५ हजार हे पहिल्या पगारवाढीनंतर किंवा डोंबिवलीला राहायला गेल्यावर, असे महिन्यांसह सांगा, म्हणजे तेही बियाण्याचे, बहिणीच्या फीचे आणि दुकानदाराच्या उधारीचे नियोजन त्याच आकड्यांवर करू शकतील.